गंगाळ आणि घमेलं

नांदुरा, ९ जून १९६४

दादा, जय भीम.

अक्षर पाहून हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलंय असं समजू नकोस. मीच आहे, अन्नपूर्णा. जिला तू पाटीवर मुळाक्षरं गिरवून दिलीस आणि जिच्या वळणदार अक्षराचं मेडिकल कॉलेजातल्या मित्रांपुढे कौतुक केलंस, तीच. ते अक्षर आता राहिलं नाही. का, ते राग जरा निवला की सांगीन.

माय आणि मी गाव सोडून इथे आलो. माझी बदली इथल्या प्राथमिक शाळेत करून घेतली. स्टेशनापलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या मागे एक खोली मिळाली आहे. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजतात आणि माय दचकून दाराकडे पाहते. तिला वाटतं, ते आले. मला वाटतं, तू आलास. दोघीही रोज चुकतो.

बाबा गेल्याची तार तुला मिळाली होती, कारण तुझी उलट तार आली. दुःख झालं, काळजी घ्या. मुंबईचा माणूस रात्री गाडीत बसला तर सकाळी नांदुऱ्याला उतरतो, दादा. तू मातीला आला नाहीस. वस्तीतल्या लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, परीक्षा असेल. डॉक्टर झालेल्या माणसाची कसली परीक्षा, असं कुणी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

मायला अजून कळत नाही की तुम्ही आपल्या गावात नेमकं काय मोजायला आला होतात. तिला मी असं सांगते: गार पाण्यात हात बुडवला की अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्ताचा दाब वाढतो. कोणत्या जातीच्या माणसाच्या वाहिन्या किती आवळतात, गावातल्यांच्या जास्त की आपल्या बौद्धांच्या, हे भाऊच्या मोठ्या साहेबांना पाहायचं होतं. म्हणून बर्फ आणला, म्हणून दोन भांडी मांडली, गावातल्यांना पितळी गंगाळ, आपल्याला लोखंडी घमेलं. बाबांनी गावातल्यांच्या भांड्यात हात घातला, म्हणून मारलं. एवढं ऐकून ती म्हणते, "मंग मोजलं काय त्यायनं?" मी म्हणते, मोजलं.

तू शेवटचं पाहिलंस ते मीही पाहिलं. इंद्रभानने शाळेपुढे सोडलेल्या बैलगाडीची उभारी, तो कडेचा लाकडी दांडा, उपसली आणि बाबांच्या डोक्यात घातली. आवाज नारळ फोडल्यासारखा आला. तुझ्या मोठ्या साहेबांनी तुझं मनगट धरलं. आधी यंत्र जीपमध्ये गेलं, मग सामानाची पेटी, मग तू. जीप वळली तेव्हा बाबा गंगाळावर पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात अजून पाण्यातच होता. तू मागे वळून पाहिलंस. मी तुझं तोंड पाहिलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे, नाहीतर त्याच दिवशी तू मला मेला असतास.

पुढचं तुला ठाऊक नाही, ते ऐक. रंगराव आले. मला वाटलं, मोठा माणूस आहे, पुतण्याला, इंद्रभानला, आवरेल. बाबांनी त्यांच्या मळ्यातल्या मिरच्यांना जन्मभर पाणी दिलं होतं. रंगरावांनी गंगाळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ज्या हातानं बाटवलं, तो हात पयले." शाळेच्या पायरीवर बाबांचा हात ठेवला आणि वरून दगड घातला. एकदा नाही.

मग ते वस्तीत गेले. भर दुपार, वारा सुटलेला. कुडाची घरं पेटायला वेळ लागला नाही. मायला केसाला धरून पांदणीपर्यंत ओढत नेलं आणि तिथे टाकलं, नेऊन पुढे काय करावं ते त्यांना सुचलं नाही म्हणून. शेळ्या दाव्याला बांधलेल्याच जळाल्या. गावात कुणी गाडी देईना. आपल्या पोरांनी बाबांना बाजेवर घालून वरवट बकालच्या सडकेपर्यंत नेलं, तिथून एका ट्रकवाल्याने घेतलं.

दवाखान्यात बाबा दोन दिवस होते. एकदाच नीट बोलले. "भाऊ पोचला काय बरोबर?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

खटला उभा राहतो आहे. प्रत्यक्ष पाहणारे आपल्यातले बरेच आहेत, पण सरकारी वकील म्हणतात, हे सगळे तुमच्याच वस्तीचे, एखादा शिकलेला, बाहेरचा साक्षीदार हवा. शिकलेला तू आहेस आणि बाहेरचा तू झालाच आहेस. ये आणि उभारी कुणाच्या हातात होती ते सांग.

एक गोष्ट आणखी. मायला आणि पोलिसांना मी असं सांगितलंय की बाबा स्वतःहून गंगाळाकडे गेले, ऊन होतं, हाताला गारवा हवा होता. कुणाच्या सांगण्यावरून गेले ते तुला आणि मला ठाऊक आहे. ते तिथेच राहील. त्या भीतीने यायचं टाळू नकोस.

अन्नपूर्णा


नांदुरा, २२ सप्टेंबर १९६४

दादा,

तुझं पत्र आलं, मागोमाग मनीऑर्डर आली. मनीऑर्डर परत केली. पत्र ठेवलं, त्यावर चूल पेटवायलाही मन होईना.

तू लिहितोस, साक्षीला आलो तर वकील तपासणीबद्दल विचारतील, मोठे साहेब अडचणीत येतील, विलायतेला जायचं जवळजवळ ठरलंय ते मोडेल. लिहितोस, माझा हात दगडाखाली आहे, जरा समजून घे.

दगडाखाली हात म्हणजे काय असतं ते तू मला सांगतोस? तर आता अक्षराचं ऐक. त्यांनी बाबांचा हात पायरीवर ठेवला तेव्हा मी त्यावर माझा हात ठेवला. मला वाटलं, बाईचा हात पाहून थांबतील. पहिला दगड माझ्या बोटांवर पडला. बोटं मोडली ती वाकडीच जुळली, खडूसुद्धा धरता येत नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिते आहे. फळ्यावरही डाव्या हातानेच लिहिते, ओळी उतरत जातात आणि पहिलीतली पोरं हसतात. हसू देते. तू मात्र वाक्प्रचारांचा वापर जरा जपून करत जा.

तपासणीची एवढी भीती वाटते, तर तपासणीचंच बोलू. तुला काय कळलंय ते मला कळलेलं नाही, असं समजू नकोस. तीन दिवस मी तुझ्या शेजारी उभी राहून नावं पुकारत होते.

पहिल्याच दिवशी रंगरावांनी अट घातली, भांडं एक चालणार नाही. तू साहेबांकडे पाहिलंस. साहेब म्हणाले, गावात गावासारखं. मग रंगरावांच्या घरून पितळी गंगाळ आलं, त्यांच्या सत्यभामाबाईंच्या माहेरचं, लग्नात नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं. ते लिंबाखाली मांडलं. आपल्या लोकांसाठी शाळेच्या बांधकामातलं लोखंडी घमेलं, कोपऱ्यात. दोन्हींत बर्फ सारखाच टाकलात, नांदुऱ्याहून भुशात आणि तरटात गुंडाळून आणलेला. एप्रिलचं ऊन, आणि आपल्या गावाने बर्फ कधी पाहिलेला नव्हता. गंगाळाभोवती जत्रा भरली. ज्याचा हात पाण्यातून निघे तो मुठीत खडा घेऊनच निघे. कुणी तिथेच चघळला. कुणी म्हाताऱ्या आईला दाखवायला धोतराच्या सोग्यात बांधून नेला आणि घरी पोचेपर्यंत नुसता सोगा ओला. रंगरावांच्या ओसरीवर शरबतासाठी तांब्या भरभरून बर्फ जात होता. स्वतःच्याच भाऊबंदांचे घामेजले हात बुडालेलं ते पाणी, त्याची कुणाला किळस नव्हती.

आपल्या घमेल्यातल्या बर्फाला मात्र कुणी शिवलं नाही. शिवणार कोण? आणि आपल्या माणसांना तू बजावलं होतंस, खडा उचलायचा नाही, तपासणी बिघडते. डॉक्टर भाऊ सांगतो म्हटल्यावर आपली माणसं बर्फाकडे नुसती बघत राहिली. तेव्हा घमेल्यात बर्फ तसाच तरंगत राहिला आणि गंगाळातलं पाणी अर्ध्या सकाळीच माठातल्या पाण्यासारखं झालं. गावातल्यांचा दाब थोडा वाढे, आपल्यांचा भराभर चढे. मोठे साहेब खुश. म्हणाले, रक्तातलाच फरक आहे.

तुला ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गावातली रांग जेवायला गेली, साहेब जीपमध्ये डोळे मिटून पडले, आणि तू बाबांना हाक मारलीस. त्या गंगाळात हात घाला म्हणालास. बाबा थबकले. "पितळीच्या? पाह्य बापा," म्हणाले. तू म्हणालास, "एका मिनिटाचं काम हाये बाबा, कोनी पाहून नाही राह्यलं." बाबांनी सदऱ्याला हात पुसला आणि मग घातला. सकाळी घमेल्यात त्यांचा दाब दोनशेच्या वर गेला होता. गंगाळात दीडशेच्या अलीकडेच थांबला. तू माझ्याकडे पाहून हसलास. इतका आनंद मी तुझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. त्याच वेळी इंद्रभान रिकामा तांब्या घेऊन शरबताचा बर्फ न्यायला आला.

तुला शंका आली, तू ताडून पाहिलंस. त्याला मी चूक म्हणत नाही. तुझ्या साहेबांना शंकासुद्धा आली नव्हती. माझा राग त्या एका मिनिटावर नाही. जीपमध्ये बसल्यापासून तू जे चालवलं आहेस त्यावर आहे.

माय विचारते, भाऊ येते काय? मी म्हणते, येते.

अन्नपूर्णा


नांदुरा, १६ जानेवारी १९६५

दादा,

आरोपीच्या वकिलाचं नाव वामनराव. त्यांच्याकडे तुमचा छापील अहवाल आहे. सरकारी वकिलांनी मला बोलावून तो दाखवला आणि मराठीतून समजावून सांगितला. वर मोठ्या साहेबांचं नाव, खाली तुझं. मला आधी वाटलं, नावात काही घोटाळा असेल. पण भाऊराव दयाराम एवढंच, आडनावाशिवाय लिहिणारा दुसरा कोण?

त्यात लिहिलंय की या भागातल्या पूर्वीच्या अस्पृश्य लोकांच्या रक्तवाहिन्या थंडीने फार आवळतात आणि हा फरक जन्मजात असावा. पुढे एक वाक्य आहे. तपासलेल्यांपैकी एका वृद्ध शेतमजुराचा दाब दोनशेच्या वर गेला होता, आणि दोनच दिवसांनी मेंदूत रक्तस्राव होऊन तो दगावला.

मी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्या वाक्यात उभारी नाही. दगड नाही, इंद्रभान नाही. आपला बाप हा तुमच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून मेला, आणि ते त्याच्याच पोराने सही करून दिलं. गंगाळातला दुसरा आकडा तर कुठेच नाही. तू तो लिहून ठेवलास की जीपमधून फेकून दिलास?

वामनरावांचं म्हणणं सोपं आहे. डोक्याची जखम वरवरची होती, फेट्याने वार झेलला. म्हाताऱ्याच्या नसाच मुळात नाजूक, त्या उन्हाने आणि रागाने आपोआप फुटल्या. तेव्हा हा खून नाही, किरकोळ मारहाण. आणि हे आम्ही म्हणत नाही, मयताचा डॉक्टर मुलगा म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे ऐकून होते. चोराला बोंब मारायला आपणच शिकवावं, हे नवीन.

इंद्रभान जामिनावर सुटला आहे. बाजाराच्या दिवशी मोटार स्टँडवर मला आडवा आला. बरोबर चारदोन टोळभैरव होते. माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "तुह्या भावानंच लिहून देल्लं बाई, तुमच्या नसाच कच्च्या हायेत. आता दुसऱ्या हाताले जप." माझ्या डाव्या हातात जेवणाचा डबा होता. मी तो त्याच्या तोंडावर मारला. रक्त आलं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. त्याने मला लाथ घातली, मी बसच्या चाकाशी पडले. ड्रायव्हर खाली उतरला म्हणून वाचले. मायला सांगितलं, पायरी चुकले.

सत्यभामाबाईंनी कोर्टात अर्ज दिलाय, जप्त केलेलं गंगाळ परत द्या, घरात लग्न आहे. पोलिसांनी नेण्याआधीच त्यांनी ते विस्तवातून काढलं होतं. पितळ विस्तवातून काढलं की शुद्ध होतं. बाबांनाही आम्ही सरणाच्या विस्तवातूनच काढलं.

आता नीट ऐक. वस्तीतल्या पोरांनी कुऱ्हाडींना नवे दांडे घातले आहेत. ती म्हणतात, कोर्टाने सोडला तर आपण सोडायचा नाही. मी त्यांना शिव्या दिल्या, हाता-पाया पडले, पण आतून मलाच उभारी उचलावीशी वाटते तर त्यांना काय सांगू? इंद्रभान सुटला की मरणार, मग पोरं फासावर, मग पुन्हा वस्ती पेटणार. हे सगळं त्या एका वाक्यावर लटकलं आहे. ते वाक्य तू छापलंस. ते खोटं आहे असं सांगणारा आकडा तुझ्या डोक्यात आहे. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला तिथे किंमत नाही. मी यंत्राचं काही बोलले तर वामनराव विचारतील, बाई, आपण कोणत्या कॉलेजात शिकलात?

संक्रांत झाली. तीळ घरात आणले होते, केलं काहीच नाही.

अन्नपूर्णा


नांदुरा, ४ मार्च १९६५

दादा,

समन्स तुला मिळालं आहे. पोचपावतीवर तुझी सही मी सरकारी वकिलांकडे पाहिली. तारीख तेवीसची, कोर्ट बुलढाण्याला.

माझी साक्ष बावीसला आहे. बाबा स्वतःहून गेले, हेच मी शपथेवर सांगणार आहे. माय माझ्यामागे बसलेली असेल. तिने नवरा गमावला आहे. मुलगाही तिच्यासमोर उभा करून त्याच्या अंगावर ते घालणं मला जमणार नाही.

तू आला नाहीस तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. ही धमकी समज.

अन्नपूर्णा


नांदुरा, ३० मार्च १९६५

दादा,

निकाल काल लागला. इंद्रभानला जन्मठेप. ज्यांनी दगड उचलले त्यांना थोडी थोडी वर्षं. रंगराव सुटले, त्यांनी नुसतं तोंड हलवलं होतं, आणि ते ऐकणारे सगळे आपलेच. पोरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आहेत, निदान सध्या. रंगराव सुटल्याचा राग आहेच, पण फासाला कुणी जाणार नाही, एवढ्यावर मी रात्री झोपले.

त्या दिवशी तू इतक्या घाईने गेलास की आपलं बोलणंच झालं नाही. म्हणून जे माझ्या बाजूने दिसलं ते लिहिते.

आदल्या दिवशी वामनरावांनी मला पुरतं सोललं होतं. बाबा गारव्यासाठी गेले म्हटल्यावर ते न्यायाधीशांकडे पाहून म्हणाले, म्हणजे म्हाताऱ्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कोर्टात लोक हसले. रंगराव हसले नाहीत, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी खाली पाहत राहिले. माझ्या डाव्या हाताची नखं उजव्या हातात रुतली होती, आणि त्या हाताला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं नाव पुकारलं. तू दारातून आलास तेव्हा मायने मला कोपर मारलं. "वाळून गेला," म्हणाली. उभारी कुणाच्या हातात होती ते तू सांगितलंस, बोट दाखवून सांगितलंस. मग वामनराव अहवाल घेऊन उठले. हे आपलंच नाव ना, हा आकडा खरा ना, या लोकांच्या रक्तवाहिन्या जास्त आवळतात हे आपलंच मत ना. तू अहवालाची पानं उलटत राहिलास, न्यायाधीशांनी पाणी हवं का विचारलं. माझ्या मनात आलं, आता हा हो म्हणणार. मी तुला मनातल्या मनात मारून टाकलं होतं, दादा.

आणि तू म्हणालास, भांडी दोन होती.

मग सगळंच सांगितलंस. गंगाळातला बर्फ कुठे जात होता, घमेल्यातला का राहत होता. फरक पाण्यात होता, माणसात नव्हता. बाबांचा गंगाळातला आकडा सांगितलास. म्हणालास, अहवाल चूक आहे आणि हे छापताना मला ठाऊक होतं. कोर्टात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर तुझे मोठे साहेब बसले होते म्हणतात, मी त्यांना पाहिलं नाही. मी सत्यभामाबाईंना पाहत होते. पदर तोंडाला लावून त्या टेबलावरच्या गंगाळाकडे बघत होत्या.

वामनराव हुशार माणूस. हातातून गेलं म्हटल्यावर त्यांनी दुसरीकडून घाव घातला. विचारलं, मग त्या दुपारी म्हाताऱ्याला गंगाळात हात घालायला कुणी सांगितलं? माझी साक्ष होऊन गेली होती. तुला नुसतं म्हणायचं होतं, माझ्या बहिणीने सांगितलं तेच. तेवढंच म्हण, अशी मान हलवत मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. मायकडे पाहिलंस.

"बाबा स्वतःहून गेले नाहीत. मी सांगितलं."

मायने पदर सावरला. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसावं.

बाहेर आवारात इंद्रभानच्या माणसांनी तुला गाठलं तेव्हा पोलीस चहा पीत होते. तुझा चष्मा त्यांच्या पायाखाली गेला, भुवई फुटली. आपली पोरं धावली आणि पाच-दहा मिनिटं कोण कुणाला मारतंय तेच कळेना. मीही मारलं, कुणाला ते ठाऊक नाही. मग तू लिंबाच्या पारावर बसलेला दिसलास, सदरा रक्ताने भरलेला. माय तुझ्यापुढे उभी होती. तिने पदराने तुझं रक्त पुसलं, भुवई दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत धरली.  मग तू उठलास. माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणालास, विलायत गेली, आणि समोर उभ्या असलेल्या मलकापूरच्या गाडीत चढलास. दुसऱ्यांदा तुझी गाडी जाताना मी पाहिली. या वेळी तू मागे पाहिलं नाहीस.

तुला वाटत असेल, माय आता तुझं तोंड पाहणार नाही. म्हणून गेलास. तर पुढचं ऐक.

त्या दिवशी घरी येऊन तिने लुगडं बदललं. रक्ताचा पदर धुतला नाही, लुगडं तसंच घडी करून ठेवलं. काल निकाल ऐकून आलो, मी भाकरी थापायला बसले. डाव्या हाताने भाकरी गोल होत नाही. तिने परात माझ्यापुढून ओढली आणि थापता थापता विचारलं, "मंग त्या गंगायात हात घालून निघालं काय?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"भाऊले जे पाह्याचं व्हतं त्याचं."

मी तिला सांगितलं, सोपं करून सांगितलं. गावातल्यांच्या पाण्यात हात घातला तर बाबांचा दाब गावातल्यांसारखाच राहिला. म्हणजे बाबांच्या रक्तवाहिन्या रंगरावांच्यासारख्याच आहेत, असं निघालं.

तिने भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. उलटली. मला वाटलं, विषय संपला.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "हे त्यानं मले इचारलं असतं, तं मीच सांगतलं असतं."

 याचं उत्तर तू इथे येऊन तिच्यासमोर बसून दे, दादा. पत्रात लिहू नकोस. तिला वाचता येत नाही आणि मी ते वाचून दाखवणार नाही.

अन्नपूर्णा